जुन्या लेन्सची ग्रिप बदलताना: टपालाने मागवलेल्या रबरी पट्ट्यांचे परीक्षण

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस कपाट आवरताना माझ्या लक्षात आले की, माझ्याकडील तीन जुन्या लेन्सच्या रिंगवरील रबरी पट्ट्या तीन निरनिराळ्या तऱ्हांनी बिघडल्या आहेत. निकॉनच्या निक्कॉर ५० मिमी एफ/१.८ या लेन्सच्या फोकस रिंगवरील रबर कडक होऊन त्याला आडव्या भेगा पडल्या होत्या. झूम-निक्कॉर ८०-२०० मिमी एफ/४.५ वरील रुंद पट्टी म्हाताऱ्या माणसाच्या कातडीसारखी सैल पडून धातूवर नुसतीच सरकत होती. पेंटॅक्सच्या एसएमसी टाकुमार ५५ मिमी एफ/१.८ वरील पट्टी मात्र पिठात लोळवल्यासारखी पांढरी झाली होती. काचा तिन्हींच्या स्वच्छ होत्या, ॲपर्चरची, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची, पाती कोरडी होती आणि हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी काचा पुढे-मागे सरकवणारे आतले आटे, फिरत होते. बिघाड होता तो केवळ हाताला लागणाऱ्या दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या रबराचा, ज्याला दुरुस्तीवाले सरसकट ‘ग्रिप रबर’ म्हणतात.

तयार पट्ट्या विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी पन्नासच्या लेन्ससाठी आणि झूमसाठी नव्या पट्ट्या मागवल्या, त्या स्वतः बसवल्या आणि पुढील आठ महिने वापरल्या. हे परीक्षण त्या अनुभवाचे आहे. विक्रेत्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण माझी तक्रार मालापेक्षा मागणी नोंदवून घेण्याच्या पद्धतीविषयी अधिक आहे आणि अशा पट्ट्या जेथून घ्याल तेथे हीच अडचण येण्याचा संभव आहे.

प्रथम एक खुलासा करतो. ज्यांच्याकडे हेलिओस ४४-२, सुपर-टाकुमार किंवा पूर्व जर्मनीतील कार्ल झाइस येना या कारखान्याच्या काळ्या-रुपेरी पट्ट्यांच्या ‘झेब्रा’ लेन्स आहेत, त्यांना या विषयाशी काही कर्तव्य नाही. त्या लेन्सची पकड धातूतच कोरलेली असते आणि पन्नास वर्षांनंतरही ती जुन्या दातांच्या ब्रशने घासून नव्यासारखी होते. लेन्सच्या रिंगवर रबर चढवण्याची पद्धत १९७० च्या दशकात सर्वत्र रुळली. टाकुमार मालिकेच्या शेवटच्या, म्हणजे पेंटॅक्सने १९७५ मध्ये के माउंट ही लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची नवी पद्धत आणण्यापूर्वीच्या, आट्यांनी बसणाऱ्या स्क्रू माउंट लेन्सवर ते दिसते, आणि निकॉनच्या १९७७ मधील ए. आय. पद्धतीच्या लेन्सपर्यंत येता येता धातूची खाचदार रिंग जवळपास दिसेनाशी होते. घामाने ओल्या बोटांतून रबर निसटत नाही आणि थंडीत ते धातूसारखे गार लागत नाही, ही सोय खरीच होती. या सोयीची किंमत मात्र पहिल्या मालकाने मोजली नाही, ती आता तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या वाट्याला आली आहे.

रबर का बिघडते हे समजून घेतल्याशिवाय पट्टी बदलायची की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. रबराच्या लांबलचक रेणूंना गंधकाच्या साह्याने एकमेकांत गुंतवले की त्याला लवचीकपणा आणि टिकाऊपणा येतो. पुढे हवेतील ऑक्सिजनमुळे हे गुंतणे वाढत जाते आणि रबर हळूहळू ताठर होते. ओझोन त्याहून वाईट आहे. ताणलेल्या रबरावर तो नेमका ताणाच्या दिशेला काटकोनात भेगा पाडतो. लेन्सवरील पट्टी जन्मभर ताणलेल्याच अवस्थेत असते, त्यामुळे माझ्या पन्नासच्या लेन्सवर पडलेल्या भेगा घेराच्या दिशेने न जाता त्याला आडव्या का गेल्या होत्या, याचे उत्तर येथे मिळते. सैल पडण्याचे कारण वेगळे आहे. बोटांवरील तेल, घाम आणि हाताला लावलेली मलमे रबरात मुरतात आणि ते फुगते. डीट हा घटक असलेले डास पळवणारे मलम लावलेल्या हाताने तर कॅमेऱ्याला स्पर्शही करू नये, कारण ते अनेक प्रकारचे प्लास्टिक विरघळवते. ताम्हिणीत किंवा आंबोलीत पावसाळ्यात बेडकांची छायाचित्रे काढायला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

पांढरेपणाला अनेकजण बुरशी समजतात आणि घाबरून लेन्स विकायला काढतात. बहुतेक वेळा ती बुरशी नसते. ओझोनपासून बचाव व्हावा म्हणून रबर तयार करतानाच त्यात मेण मिसळलेले असते. ते मेण आणि न मुरलेले इतर घटक वर्षानुवर्षे पृष्ठभागाकडे सरकत येऊन तेथे पांढरट थर धरतात. म्हणजे हा थर रबराचे रक्षणच करत असतो, फक्त दिसायला वाईट. टाकुमारची पट्टी मी लेन्सवरून काढून कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने घासली, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतली आणि सावलीत वाळवली. ती पुन्हा काळी झाली, तिचा लवचीकपणा शाबूत होता आणि तीच परत चढवली. आठ महिन्यांत एका कडेला किंचित पांढरी झाक परत आली आहे, ती पुन्हा धुता येईल. सांगायचे ते एवढेच की, तीनपैकी एका लेन्सला नव्या पट्टीची गरजच नव्हती, आणि विक्रेत्याच्या यादीत ‘पांढऱ्या पडलेल्या ग्रिपसाठी’ असे लिहिलेले वाचून मी ती जवळपास मागवली होती.

पांढऱ्या रबराला चमक आणण्यासाठी मोटारीच्या टायरचे पॉलिश किंवा खोबरेल तेल लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. टायरच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉनचे तेल असते. ते पसरत पसरत रिंगच्या फटीत उतरते आणि ॲपर्चरच्या पात्यांपर्यंत पोहोचू शकते. शिवाय सिलिकॉन लागलेल्या पृष्ठभागावर पुढे कोणताही गोंद किंवा टेप धरत नाही. खोबरेल तेलाने रबर दोन दिवस काळेभोर दिसते आणि मग फुगू लागते. दिवाळीत अंगाला लावायचे तेल लेन्सला लावण्यात कसलाच शहाणपणा नाही.

आता पट्टी काढण्याविषयी. लोखंडी पेचकस वापरण्याचा मोह टाळावा, कारण तो एकदा घसरला की रिंगच्या काळ्या रंगावर कायमचा पांढरा ओरखडा उठतो. बांबूची सपाट काडी, किंवा मोबाइल उघडण्यासाठी मिळते ती प्लास्टिकची पट्टी पुरते. काडी रबराच्या कडेखाली हलकेच सरकवावी आणि कापसाच्या काडीवर घेतलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबथेंब आत सोडत रिंगभोवती फिरत जावे. बाटली थेट लेन्सवर ओतू नये, कारण अल्कोहोल हेलिकॉइडमध्ये गेले की तेथील ग्रीस पातळ होऊन भलतीकडे वाहत जाते. पट्टी कडक झाली असेल आणि ती ठेवायची नसेल, तर ब्लेडने सरळ कापून काढणे उत्तम, मात्र ब्लेड खाली धातूपर्यंत टेकवू नये. माझ्या पन्नासच्या लेन्सवरील पट्टी हात लावताच तीन तुकड्यांत सुटली.

पट्टीखाली काय आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि नेमकी तेथेच चूक होते. अनेक लेन्समध्ये रबराखाली पिवळट पडलेली चिकटपट्टी असते आणि तिच्याखाली बारीक स्क्रू किंवा लांबट खाचा असतात. हे स्क्रू पुष्कळदा फोकसची रिंग हेलिकॉइडला बांधून ठेवतात. ते सैल केले आणि रिंग केसभर फिरली की लेन्सचे इन्फिनिटी, म्हणजे अतिदूरच्या वस्तूंवर फोकस बसण्याची जागा, बदलते, आणि मग डोंगर, चंद्र, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरील टाक्या यांपैकी काहीच स्पष्ट येत नाही. म्हणून चिकटपट्टी खराब दिसली तरी तिच्याखालील स्क्रूंना हात लावू नये. काढण्याआधी आणि काढल्यानंतर त्या जागेचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. जुना गोंद राहिला असल्यास तो अल्कोहोलने पुसून घ्यावा, म्हणजे पट्टी जिच्यात बसते ती धातूची खाच कोरी होते. खरे माप घेता येते ते या क्षणी.

माप तीन गोष्टींचे घ्यावे लागते: खाचेचा घेर, खाचेची रुंदी आणि खाचेची खोली. व्हर्नियर कॅलिपर असल्यास उत्तम. नसल्यास कागदाची अरुंद पट्टी खाचेभोवती घट्ट गुंडाळून जेथे टोके मिळतात तेथे टोकदार पेन्सिलीने खूण करावी आणि पट्टी सरळ करून मोजावी. खाचेचा व्यास ६० मिमी असेल तर घेर १८८.५ मिमी येतो, पण नवी पट्टी तेवढ्याच घेराची असून भागत नाही. ती स्वतःच्या ताणाने धातूला धरून राहायला हवी, म्हणून तिचा मोकळा घेर तीन ते पाच टक्क्यांनी कमी, म्हणजे या उदाहरणात साधारण १८० मिमीच्या आसपास असावा. याहून फार कमी असेल तर पट्टी चढवताना दमछाक होतेच, शिवाय बसल्यावर तिच्या कडा बाहेर वळून उभ्या राहतात. खोलीचे महत्त्व यांहून कमी नाही. खाच उथळ आणि रबर जाड असेल तर रिंग बोटाला बोजड लागते. लेन्सची जुनी घडण ज्याच्या हाताला सवयीची आहे, त्याला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही जाणवतो.

विक्रेत्याच्या पद्धतीतील दोष येथेच आहे. त्याच्या यादीत पट्ट्या लेन्सच्या नावाने विकल्या जातात, आणि मागणी नोंदवताना घेर किंवा रुंदी कोठेच विचारली जात नाही. निक्कॉर ५० मिमी एफ/१.८ या एका नावाखाली निकॉनने काही वर्षांतच निरनिराळ्या घडणीच्या लेन्स काढल्या. आधीच्या लेन्सचे बॅरल, म्हणजे नळीसारखे अंग, लांब आणि ग्रिप रुंद, तर पुढे आलेली लेन्स बुटकी, जिला लोक पॅनकेक म्हणतात, तिची ग्रिप अरुंद. पुढच्या रिंगवरचे नाव वाचून यांतील भेद कळत नाही. माझी लेन्स लांब बॅरलची आहे. मी नाव लिहून पैसे भरले आणि नऊ दिवसांनी टपालाने जी पट्टी आली ती बुटक्या लेन्सची होती. घेर जुळत होता, त्यामुळे ती चढली, पण वर-खाली धातूची खाच उघडी राहिली, जणू आखूड झालेला शर्ट. विक्रेत्याला छायाचित्र पाठवल्यावर त्याने वाद न घालता दुसरी पट्टी पाठवली आणि टपालखर्च मात्र माझ्याकडून घेतला. चूक कोणाची, याबाबत आमचे मत निरनिराळे राहिले. मला विचाराल तर, मागणीच्या कागदावर ‘खाचेची रुंदी’ एवढा एक रकाना असता तर दोघांचेही तीन आठवडे वाचले असते.

दुसरी पट्टी योग्य मापाची होती आणि मालाविषयीचे माझे मत तिच्यावर आधारले आहे. रबर साच्यात अखंड ओतलेले आहे, त्यामुळे तिला जोड नाही. हा गुण मोठा आहे, कारण फोकस रिंग सतत फिरत असते आणि जोड असल्यास तो लपवायला तिला खालची बाजू अशी नसतेच. चौकड्यांची नक्षी मूळ नक्षीच्या बरीच जवळ जाते, पण चौकड्यांचे कोपरे किंचित गोलसर आहेत आणि मूळ रबरात जी कोरीव धार होती ती येथे नाही. रंग मूळच्या मंद काळ्यापेक्षा थोडा करडा वाटतो. कॅमेऱ्याच्या काळ्या अंगाशेजारी हा फरक दिवसाच्या प्रकाशात दिसतो, संध्याकाळी दिसत नाही. आतल्या बाजूला साच्याची बारीक रेघ उठलेली होती, ती मी बारीक पॉलिश पेपरने घासून काढली, नाहीतर ती जागा बोटाखाली उंचवट्यासारखी लागली असती. पाकीट उघडताच गंधकाचा तीव्र वास आला, सायकलच्या दुकानात शिरल्यावर येतो तसा. वास पंधरा दिवसांत गेला.

पट्टी चढवण्याची कृती सोपी आहे, पण घाईची नाही. पट्टी काही मिनिटे कोमट पाण्यात ठेवून मऊ करावी, कोरडी पुसावी आणि लेन्सच्या पुढच्या बाजूने खाचेवर ओढत आणावी. जेथे रबर अडते तेथे एखाद्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पिशवीचा पट्टा खाली घालावा, रबर त्यावरून सरकते आणि मग पट्टा ओढून काढता येतो. नक्षीच्या उभ्या ओळी तिरप्या झाल्या असतील तर त्या लगेच सरळ कराव्यात, कारण एकदा रबर कोरडे होऊन धातूला बसले की ते हलवणे कठीण जाते. माप योग्य असेल तर पन्नासच्या लेन्सला कसलाही गोंद लागत नाही. मी लावला नाही आणि आठ महिन्यांत पट्टी जागची हललेली नाही. ज्यांना गोंद लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी निदान झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट गोंद टाळावा. वाळताना त्याची वाफ आसपासच्या काळ्या रंगावर आणि काचेवर पांढरी धूळ बसवते, आणि पुढच्या वेळी पट्टी काढताना रंगाचे पापुद्रे सोबत येतात.

झूमची गोष्ट निराळी आहे आणि तेथे या मालाची मर्यादा उघड झाली. ८०-२०० एफ/४.५ ही एकाच रिंगची झूम आहे. रिंग फिरवली की फोकस बदलतो आणि पुढे-मागे ओढली की फोकल लांबी. म्हणजे पट्टीवर फिरण्याचा आणि ओढण्याचा असा दोन्ही दिशांचा जोर पडतो, आणि याच कारणाने अशा झूमच्या रुंद पट्ट्या सर्वांआधी सैल पडतात. हात पुढे जातो, रबर त्याच्यासोबत जाते आणि लेन्स मात्र जागच्या जागी राहते. नव्या पट्टीचा मोकळा घेर मी मोजला तेव्हा तो खाचेच्या घेरापेक्षा जेमतेम एका टक्क्याने कमी भरला. चढवायला ती फार सोपी गेली आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मार्च महिन्यात पुण्यातल्या दुपारच्या उन्हात तासभर वापरल्यावर पट्टीची मागची कड गोळा होऊन पुढे सरकली. शेवटी ती काढून खाचेवर पातळ दुहेरी चिकटपट्टीचे तीन पट्टे लावले आणि त्यावर रबर बसवले. तेव्हापासून ती स्थिर आहे, पण हा उपाय मी केला, मालात तो नव्हता. झूमसाठीची पट्टी अधिक घट्ट ओतायला हवी, हे विक्रेत्याला कळवले आहे.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. लेन्स खाली झुकवली की झूम आपोआप घसरते, हा दोष नव्या रबराने जात नाही. तो आतील घर्षण कमी झाल्याचा परिणाम असतो आणि त्यासाठी लेन्स उघडावी लागते. माझी झूम पूर्वीही घसरत होती आणि आजही घसरते.

तयार पट्टी न मिळाल्यास काय करावे, हा प्रश्न निकॉन किंवा पेंटॅक्सवाल्यांपेक्षा कमी प्रसिद्ध लेन्सच्या मालकांना अधिक पडतो. मी त्यातले काही उपाय एका मोडक्या लेन्सवर करून पाहिले. सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल काप काढून चढवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि तो वाटतो तितका गावठी नाही. ट्यूबचे ब्यूटाइल रबर ओझोनला चांगले तोंड देते, अखंड असल्याने जोड येत नाही आणि पकडही उत्तम मिळते. नक्षी नसल्याने लेन्स बोडकी दिसते आणि पहिले काही दिवस हाताला काळे लागते, एवढेच. पंक्चरवाल्याने ट्यूबचे पैसे घेतले नाहीत, उलट ती कशासाठी हवी आहे हे ऐकून तो बराच वेळ हसला. मनगटात घालायचे सिलिकॉनचे रुंद कडे काही लेन्सवर नेमके बसते, परंतु सिलिकॉन धूळ आणि कपड्याचे तंतू असे ओढून घेते की दोन दिवसांत लेन्स घोंगडीतून काढल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याच्या अंगावर लावायचे चिकट कृत्रिम चामडे सपाट पृष्ठभागासाठी असते, आणि फिरत्या रिंगवर त्याचा जोड महिन्याभरात उकलतो.

थ्रीडी प्रिंटरवर टीपीयू या लवचीक प्लास्टिकची पट्टी छापून घेणे हा पर्याय मला सर्वांत आशादायक वाटला. त्यात नावाचा घोळ नसतो, कारण माप तुम्हीच देता. नक्षीही हवी तशी मिळते. पण सर्रास मिळणारे टीपीयू ९५-ए इतक्या कडकपणाचे असते, म्हणजे लेन्सच्या मूळ रबरापेक्षा बरेच ताठर. ते ताणले जात नाही, त्यामुळे घेरात तीन टक्के सूट ठेवली तरी चढवताना नखे दुखतात. छापताना जेथे प्रत्येक थर सुरू होतो तेथे एक उभी शिवण राहते आणि ती बोटाला लागते. नक्षीच्या दोन ओळींच्या मधल्या खळग्यात शिवण येईल अशी आखणी केली तर ती बरीच लपते. हा उपाय ज्यांना संगणकावर आराखडा काढता येतो त्यांच्यासाठी आहे, किंवा ज्यांच्या घरी अभियांत्रिकी शिकणारे कोणी आहे त्यांच्यासाठी.

बुरशीने काच गेलेली त्याच नावाची लेन्स विकत घेऊन तिची पट्टी वापरणे, हा जुन्या कारागिरांचा आवडता मार्ग. मुंबईत फोर्ट भागातील एका दुरुस्तीवाल्याने मला तोच सुचवला. नक्षी, रंग, जाडी सारे मूळचे मिळते हे खरे, पण रबराचे वयही तितकेच मिळते. ज्या पट्टीने चाळीस वर्षे हवा खाल्ली आहे, ती आणखी किती वर्षे टिकेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मात्र त्या कारागिराची एक गोष्ट नमूद करायला हवी. त्याने माझ्या झूमवरील सैल पट्टी हातात घेऊन, न मोजता, ती किती वाढली आहे हे सांगितले, आणि घरी येऊन मोजले तेव्हा त्याचा अंदाज दोन मिलिमीटरच्या आत होता. ग्रिप बसवण्याची मजुरी त्याने तीनशे रुपये सांगितली, जी मला वाजवी वाटली. ज्यांना पट्टीखालच्या स्क्रूंची धास्ती वाटते त्यांनी पट्टी विकत घेऊन बसवण्याचे काम अशा जाणत्या माणसाकडे द्यावे.

जुन्या लेन्स आता मिररलेस कॅमेऱ्यांवर चित्रफितींसाठीही वापरल्या जातात, आणि लघुपट करणारी तरुण मंडळी फोकस ओढण्यासाठी, म्हणजे चित्रीकरण चालू असताना तो बदलण्यासाठी, रिंगवर दात्यांची चकती चढवतात. तिच्या दात्यांचे प्रमाणित माप ०.८ मॉड्यूल असते. अशांनी नव्या पट्टीवर खर्च करण्यापूर्वी विचार करावा. सैल किंवा कडक रबरावर चकती घसरते हे खरे, पण नव्या मऊ रबरावरही ती थोडी हेलकावते आणि चकती फिरवणारी मोटर उलट फिरताना फोकस क्षणभर मागे राहतो. त्यांच्यासाठी पट्टी पूर्ण काढून, चकती थेट धातूच्या खाचेवर बसेल अशा मापाची करून घेणे अधिक श्रेयस्कर. काढलेली पट्टी एखाद्या नळकांड्यावर तिच्या नेहमीच्या आकारात ठेवावी. घडी घालून ठेवली तर घडीवरच भेग पडते.

किमतीविषयी सांगायचे तर पन्नासच्या पट्टीला मला साडेचारशे रुपये पडले, झूमच्या रुंद पट्टीला साडेसातशे, आणि टपालखर्च दोन्ही वेळा मिळून दोनशे चाळीस. पन्नासची पट्टी त्या किमतीला निश्चित योग्य आहे आणि गरज पडल्यास मी ती पुन्हा घेईन, मात्र मागणीसोबत मापे लिहिलेला कागद आणि पट्टी काढलेल्या लेन्सचे छायाचित्र जोडल्याशिवाय नाही. झूमची पट्टी आजच्या स्वरूपात मी कोणाला सुचवणार नाही. साडेसातशे रुपये देऊन वर चिकटपट्टीचा आधार द्यावा लागत असेल तर सायकलची ट्यूब काय वाईट होती? विक्रेत्याने झूमचा नवा साचा करत असल्याचे कळवले आहे, आणि या वेळी त्याने स्वतःहून माझ्या लेन्सच्या खाचेचा घेर विचारला. मी तो पाठवला आहे, रुंदी आणि खोलीसह.